धारच्या दवाखान्यामागची ओसरी

दवाखान्याच्या पाठीमागच्या अंगालाच बिऱ्हाड असलं की बाईला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी ओसरीवर येतात, बसतात आणि वर पाणी मागतात! माझ्याकडे असे इतके साचलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

आमचे हे संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टर. आधी धारला, मग काही वर्षं देवासला. तो काळ असा, की घरंदाज बाई जिवावर बेतलं तरी परक्या पुरुषाला जीभ दाखवायची नाही. तेव्हा ह्यांनी मलाच शिकवलं. नाडी कशी बघायची, डोळ्याची पापणी उलटून रक्त आहे की नाही ते कसं ओळखायचं, पोट कुठे दाबून विचारायचं. बायका माझ्याकडे ओसरीवर यायच्या, मी बघून आत जाऊन सांगायची, हे औषध द्यायचे. गावात मला ‘डागदरनी बाई’ म्हणत. आणि सांगते, मी एकदा सांगितलं की ह्यांनी पुन्हा विचारलं नाही!

आमचा कंपाउंडर रामलाल. अस्सल माळवी माणूस. रोगी राजवाड्यातला असो की बाजारातला, त्याच्या लेखी सगळे ‘भिया’, म्हणजे भाऊ. ह्यांनी एकदा टोकलं, “रामलाल, सरदारांना तरी हुजूर म्हण.” तर म्हणतो कसा, “साब, बुखार में सब भिया होते हैं!”

⁂

धारला आमच्या आळीत एक शास्त्रीबुवा होते. गणपतीचे पुजारी, सोवळं कडक. एका भाद्रपदात त्यांना हिवताप धरला. दिवसाआड असा हुडहुडायचे की अंगावर घातलेल्या घोंगड्याही थरथरत. ह्यांनी क्विनीन दिलं. शास्त्रीबुवा पुडी हातात घ्यायलाच तयार होईनात.

“इंग्रजी औषध! बाटवाल मला!”

हे म्हणाले, “शास्त्रीबुवा, ही झाडाची साल आहे. तुमच्या काढ्यात काय असतं? सालीच ना?”

शास्त्रीबुवा विचारात पडले. “झाडाची साल म्हणता? मग प्रश्न निराळा. पण देवाला दाखवल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही.”

“खुशाल दाखवा,” हे म्हणाले. “पण दाखवून ठेवून देऊ नका, घ्या!”

शास्त्रीबुवांनी घेतलं. नेमानं घेतलं. ताप उतरला, तोंडाला चव आली, आणि एक दिवस स्वारी काठी टेकत दवाखान्यात आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. पण चेहरा भलताच गंभीर.

“डॉक्टर, औषध उत्तम. माझं काही म्हणणं नाही. पण रोज सकाळी गजाननापुढे वाटी ठेवायची, आणि आत काय तर ते कडूजहर! तोही बिचारा माझ्याकडे बघायचा हो! शेवटी मीच मार्ग काढला.”

“कोणता?”

“त्याच्यापुढे मोदक ठेवला, आणि हात जोडून सांगितलं, देवा, माझ्यासाठी तू कडू सोसलंस, आता तुझ्यासाठी मी गोड सोसतो!”

आणि रोजचा तो मोदक कोण खात होतं, हे त्यांच्या पोटाकडे बघून कळत होतं!

⁂

अमझेऱ्याकडच्या गावांत नारू फार. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, पायाला फोड येतो आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर येतो. तो काडीवर गुंडाळत गुंडाळत हळूहळू काढावा लागतो. तुटला की पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळतो. ऐन पेरणीच्या वेळी घरंच्या घरं आडवी व्हायची.

तिथली विहीर म्हणजे बावडी, पायऱ्यांची. लोक घागर घेऊन पाण्यात उतरायचे. ज्याच्या पायाला नारू, तोही उतरायचा, गार पाण्यानं बरं वाटतं म्हणून!

ह्यांनी गावच्या पटेलाला चांगलं समजावून सांगितलं. “नारूवाल्याला पाण्यात उतरू देऊ नका. आणि पाणी जाड कपड्यानं दुहेरी गाळून प्या. न गाळता एक घोट नाही!”

पटेल शब्दाचा पक्का. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर घरोघरी घागरीच्या तोंडाला कपडा बांधलेला. पटेलाच्या घरी तर जुन्या लाल पागोट्याचा! बावडीच्या पायरीवर एक माणूसही बसवलेला, फोडवाला आला की परत पाठवायला. हे खूष झाले. म्हणाले, “आता नारू गेलाच म्हणून समजा.”

पण वर्ष उलटलं आणि पुन्हा तेच! पटेलाच्या स्वतःच्या पायाला फोड. हे चक्रावले.

“पटेल, पाणी गाळत नाही का?”

“गाळते हैं साब! घर में एक बूँद बिना छाने नी पीते, सौगन!”

मी मधे तोंड घातलं. “पटेलसाब, सकाळी शेतावर जाता, उन्हातान्हाचं परत येता. तहान लागली की काय करता?”

“बावडी पे पी लेते हैं, बाईसाब. ओंजळ से.”

“न गाळता?”

पटेल माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मला व्यवहारच कळत नाही.

“बाईसाब, डागदरसाब ने घर का पानी छानने को बोला था. ये तो बावडी का है!”

त्या दिवसापासून ह्यांनी नियम केला. सल्ला दिला की रोग्याकडून उलट म्हणवून घ्यायचा, ‘कुठलं’ आणि ‘कधी’ ह्यासकट! पटेलानं मग बावडीच्या काठावर एक रांजण मांडला, तोंडाला कपडा बांधलेला. दोन पावसाळ्यांत त्या गावातला नारू खरंच ओसरला.

⁂

गेंदाबाई सुईण. धारमधल्या निम्म्या मुलांनी जगात पहिलं पाहिलेलं तोंड तिचं! हिला हात धुवायला शिकवणं म्हणजे माझी परीक्षा होती.

मी सांगितलं, “गेंदाबाई, नखं काप, बांगड्या काढ, साबण लावून कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धू, मग बाळंतिणीला शिव.”

ती फणफणली. “मेरे हाथ गंदे हैं क्या?”

मी म्हटलं, “तुझे हात सोन्याचे आहेत. म्हणून तर रोज घासायचे! सोनं लोक घासतात, माती कोण घासतं?”

तेवढं तिला पटलं. आणि पटलं ते असं पटलं, की हात धुणं हा तिचा धर्मच झाला.

पुढे एका मानकऱ्यांच्या घरी नातू झाला. थोरल्या बाईसाहेब, म्हणजे मुलाची आजी, नातवाला घ्यायला लगबगीनं खोलीत शिरल्या. हातात पाटल्या, गोठ, बोटांत अंगठ्या. त्या घरात थोरल्या बाईसाहेबांपुढे मान वर करून बोलायची कोणाची छाती नव्हती. गेंदाबाई दारात आडवी उभी राहिली!

“हाथ धोओ.”

“मी?” बाईसाहेब लालबुंद झाल्या. “अगं, मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?”

“आप कौन हो वो बाहर,” गेंदाबाई म्हणाली. “अंदर तो सिर्फ हाथ हो!”

बाईसाहेबांनी एकेक करून अंगठ्या उतरवल्या. मी घंगाळात कढत पाणी ओतत होते, म्हणून माझं हसू वाफेत लपलं!

⁂

ह्यांचाही एक सांगते, नाहीतर म्हणाल ही फक्त रोग्यांना हसते.

माळव्यातलं जेवण म्हणजे दाल-बाफले. कणकेचे गोळे उकडायचे, गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. खाताना माणसाला काही कळत नाही. कळतं ते नंतर! लग्नसराईत दवाखान्यात अजीर्णाची रांग लागायची आणि हे प्रत्येकाला तेच सांगायचे, “अर्धं पोट अन्नानं, पाव पाण्यानं, पाव मोकळं ठेवा.” ऐकून ऐकून रामलालला पाठ झालं होतं.

एकदा एका स्नेह्यांकडे पंगत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठेनात. पोट धरून पडलेले. मी ओवा आणि सैंधव दिलं, पोट शेकलं, आणि दिवसभर नुसत्या कढत पाण्यावर ठेवलं. दवाखान्यात रोगी ताटकळत होते, म्हणून रामलाल विचारायला आला.

मी म्हटलं, “साहेबांना अजीर्ण झालंय.”

रामलाल पलंगाजवळ गेला, हात जोडले, आणि अगदी ह्यांच्याच आवाजात म्हणाला, “भिया, पाव हिस्सा मोकळा कुठे ठेवला होता? घरी?”

ह्यांना हसू आवरेना आणि हसलं की पोट दुखे! पण ‘भिया’ म्हटल्याबद्दल त्या दिवशी कोणी टोकलं नाही.

⁂

पुढे आम्ही देवासला आलो. तिथली तऱ्हाच न्यारी. गाव एक, संस्थानं दोन! थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या ह्या बाजूचं घर एका राजाचं, समोरचं दुसऱ्याचं.

अशाच एका गल्लीत दोन व्याही समोरासमोर राहायचे. आबासाहेब थोरल्या पातीत, नानासाहेब धाकट्या. आबासाहेबांची लेक नानासाहेबांच्या घरी दिलेली. दोघांच्या दारांमधे एक खड्डा होता, बारा महिने तुंबलेला. संध्याकाळी डासांचं नुसतं वारूळ फुटायचं.

ह्यांनी सांगितलं, “हा खड्डा बुजवा. हिवताप ह्यातूनच येतो.”

आबासाहेब म्हणाले, “खड्डा व्याह्यांच्या हद्दीत आहे.” नानासाहेब म्हणाले, “छे, आमची हद्द अलीकडेच संपते!” एकमेकांच्या हद्दीचा एवढा मान राखणारे व्याही मी दुसरे पाहिले नाहीत.

मग दोघांचाही लाडका नातू तापानं फणफणला. चार वर्षांचं पोर, ग्लानीत पडून राहिलं, प्लीहा वाढून पोट टम्म झालेलं. त्याची आई माझा हात सोडीना. हे क्विनीन देत होते, मी कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. दोन्ही आजोबा ओसरीवर बसून, एकमेकांकडे न बघता.

पोराचा ताप उतरला त्या दिवशी हे बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, “ह्या खेपेला वाचला. खड्डा मात्र तसाच आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरडाओरडा. मी पोराला बघायला आले होते. खिडकीतून बघते तर दोन्ही व्याही धोतर खोचून, हातात फावडं घेऊन खड्ड्याच्या दोन काठांवर उभे आणि हमरीतुमरीवर आलेले!

“खबरदार! खड्डा आमच्या हद्दीतला आहे, आम्हीच बुजवणार!”

“तुमच्या हद्दीतला? वाडवडिलांपासून आमचा आहे हा खड्डा!”

⁂

देवासचेच एक सरदार. गादीवर बसले की गादी दिसायची नाही! चार पावलं चालले की धाप, रात्री झोप नाही, पायांवर सूज. ह्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं, “औषधापेक्षा चालणं महत्त्वाचं. आधी सपाटीवर थोडं थोडं चाला. मग रोज पहाटे देवीची टेकडी चढायची. जोड्यांचे तळवे झिजलेले मला दिसले पाहिजेत!”

पुढे ह्यांनी जोडे बघायला मागितले. खरंच झिजले होते! टाचा तर पार गेलेल्या. पण सरदारांचा घेर तसाच, उलट वाढलेला. हे विचारात पडले. औषध बदललं, गोड बंद केलं, तूप बंद केलं. काही फरक नाही. जोडे मात्र दुसरे फाटले!

मी आत त्यांच्या राणीवशात बाईसाहेबांकडे गेले होते. त्यांनी मला विडा दिला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुमच्या यजमानांच्या हाताला गुण आहे हो! टेकडी चढण्याचा उपाय म्हणजे रामबाण!”

मला नवल वाटलं. “सरदारसाहेबांना बरं वाटतंय?”

“त्यांचं सोडा. पण आमचा गडी रोज ते जोडे घालून चढतो ना, त्याची जुनी कंबरदुखी पार गेली!”

मी ते ह्यांना घरी येऊन सांगितलं. हे चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सरदारांकडे गेले आणि म्हणाले, “सरदारसाहेब, आता तुमचं जेवणही गड्यालाच पाठवत चला.” सरदार आधी तांबडे झाले, मग गदगदून हसले. आणि त्या आठवड्यापासून गड्याच्या खांद्यावर हात ठेवून का होईना, स्वतः चालायला लागले.

⁂

आता हसू थोडं बाजूला ठेवा.

माळवा म्हणजे अफूचा मुलूख. शेतात अफू, घरात अफू, आणि पोर किरकिरलं की बाळगुटीतही अफू. तिळाएवढी चाटवली की पोर गपगार. मजूर बाईला काम करता यायचं, आणि वाड्यातल्या बाईला झोप मिळायची.

धारला असताना दुपारच्या वेळी एका कारकुनाची म्हातारी आई मला बोलवायला आली. “माझा नातू किती शहाणा आहे बघायला चल. मुळी रडतच नाही!” तिला तो कौतुकाचा विषय होता. मी ते ऐकून तशीच धावले.

पोर पाळण्यात. ओठ निळसर, श्वास असा की मोजायला थांबावं लागे. मी समईजवळ नेऊन पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झालेली!

मी दारातून ओरडले, “ह्यांना बोलवा! आत्ता!”

हे पडद्याबाहेर उभे राहिले, मी आत. हे सांगत होते, मी करत होते. तळव्यांवर टिचक्या मार, गार पाण्याचा हात तोंडावर फिरव, झोपू देऊ नको. रडव त्याला! पोराची आई कोपऱ्यात उभी होती. म्हातारीनं माझा हात धरला. “एवढ्याशा जिवाला मारतेस?”

मी म्हटलं, “आजी, मी मारत नाहीये. हात सोडा.”

तिनं सोडला. किती वेळ गेला कोण जाणे. पडद्याबाहेरून ह्यांचा एकच प्रश्न, “रडलं का?” आणि माझं एकच उत्तर, “अजून नाही.”

आणि मग ते पोर एकदम लालभडक झालं, मुठी आवळल्या, आणि असं काही कोकललं की पडद्याबाहेर ह्यांनी “शाब्बास!” म्हणून टाळी वाजवली. आईनं धावत येऊन त्याला छातीशी धरलं. म्हातारीनं कनवटीची अफूची डबी काढली आणि परसातल्या मोरीत नेऊन रिकामी केली.

पुढे ते पोर चांगलंच रडकं निघालं. शेजारीण एकदा वैतागून म्हणाली, “आजी, गप्प करा हो त्याला, डोकं उठलं!”

म्हातारी ताठ्यानं म्हणाली, “अजिबात नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!”

⁂

एका उन्हाळ्यात धरमपुरीला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. ह्यांना तिथे पाठवलं आणि बायकांसाठी मीही गेले. गाव नर्मदेच्या काठी. नावाड्यांच्या घरांत दोघं दगावले होते.

विहिरींत लाल औषध टाकून झालं. पण विहिरीचं पाणी पितं कोण? सगळं गाव नदीवर. ह्यांनी घाटावर उभं राहून सांगितलं, “पाणी उकळून प्या.”

घाटाजवळ ताईआत्या म्हणून एक विधवा बाई राहायच्या. आपल्या मराठी घरांत आणि नावाड्यांतही त्यांचा शब्द शेवटचा. त्या पायऱ्यांवरून उठल्या.

“नर्मदामाईचं आधण ठेवू? जिच्या नुसत्या दर्शनानं पापं धुतली जातात, तिला मी चुलीवर चढवू? डॉक्टर, तुम्ही तुमच्या आईला चढवाल?”

बायकांनी घागरी बुडवल्या, आणि तशाच घरी नेल्या.

तिसऱ्या दिवशी ताईआत्यांची भाचेसून सगुणा पडली. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले, बोटांची टोकं सुरकुतलेली. मी तिच्यापाशी ठाण मांडलं. उकळून निवलेलं पाणी चमच्या-चमच्यानं, मीठ घातलेली तांदळाची पेज घोटाघोटानं. ओकली तरी पुन्हा. ताईआत्या उंबऱ्यात बसून नुसत्या बघत होत्या. त्यांनी स्वतःही काही खाल्लं नाही, जपही केला नाही.

सगुणा वाचली. उठून बसली आणि तिनं भूक लागली म्हणून सांगितलं, तेव्हा ताईआत्या उठून आत आल्या.

“ही ह्या उकळलेल्या पाण्यानं वाचली?”

मी म्हटलं, “आत्या, न उकळलेल्यानं पडली होती.”

आत्यांनी धाबळी उचलली आणि स्नानाला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले तर सगळ्यात वरच्या पायरीवर ताईआत्या उभ्या. बायका भरलेल्या घागरी घेऊन वर येत होत्या, आणि आत्या एकेकीला अडवत होत्या.

“घरी जाऊन काय करशील गं ह्या पाण्याचं?”

“पिईन, आत्या.”

“तशीच? अगं, अमरकंटकाहून चालत आलीये माई! पाय दमले असतील, अंग गारठलं असेल. एवढ्या लांबून आलेल्या माहेरवाशिणीला दारातच कामाला लावायची? आधी चुलीपाशी बसव तिला. चांगली ऊब लागू दे. आणि खदखदून हसली, की मगच उतरव!”